लाडू कुणी खाल्ले, वजन कुणाचं झालं

माझ्या कामाची किंमत काय, हे पाहायला मला दरवर्षी जळगावहून पुण्याला जावं लागे. तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात जाडजूड खंड ठेवलेले असत. कागद पतंगाच्या कागदासारखा पातळ, अक्षरं मुंगीएवढी आणि टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेलं एक भिंग. जगातल्या कुठल्या डॉक्टरने आपल्या लेखात कुणाच्या लेखाचा आधार घेतला, याची ती सूची. आधी आपलं आडनाव शोधायचं, त्याखाली आपला निबंध शोधायचा आणि त्याच्याखाली किती ओळी आहेत ते पाहायचं. जितक्या ओळी, तितक्यांनी तुमचं नाव घेतलं. आमच्या धंद्यात याला सायटेशन म्हणतात. माझं आडनाव चौधरी. त्या खंडात चौधऱ्यांची एवढी गर्दी होती की स्वतःला शोधता शोधता मान अवघडून जाई. पाटील असतो तर आयुष्यभर सापडलो नसतो.

सायटेशन म्हणजे काय, हे मी गावाकडच्या पाहुण्यांना लग्नपत्रिकेवरून समजावून सांगत असे. आपल्याकडे पत्रिकेत खाली निमंत्रकांची नावं छापतात. तुमचं नाव जितक्या पत्रिकांत, तितके तुम्ही मोठे. आता पत्रिकेत नाव घालताना त्या माणसाला कुणी विचारतं का? बऱ्याचदा त्याला लग्न आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. संशोधनातही तसंच चालतं. लेखाखाली जी नावं छापलेली असतात, त्यांचे निबंध लेखकाने पूर्ण वाचलेले असतात असं नाही. एकाने नाव घातलं की दुसरा घालतो. दुसऱ्याने घातलं की तिसऱ्याला वाटतं, हे नाव नसेल तर बरं दिसणार नाही.

माझं नाव अशा पुष्कळ पत्रिकांत छापून आलं. त्यातलं बरंचसं रास्त होतं, हे आधीच सांगतो. एक मात्र रास्त नव्हतं आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त वेळा छापलं गेलं.

संशोधक म्हटलं की लोकांना सूक्ष्मदर्शक आठवतो. मी उभ्या नोकरीत सूक्ष्मदर्शकाला फारसा हात लावला नाही. माझं हत्यार म्हणजे स्प्रिंगचा काटा, त्याच्या आकड्याला अडकवलेली कापडी झोळी आणि एक जीप. जन्मलेल्या बाळाचं वजन पहिल्या दिवशीच घ्यायचं, एवढंच मूळ काम. बाळ हलकं निघालं तर आईचं पोट नीट भरलं नव्हतं, असा त्यातून अंदाज बांधता येतो. ज्या संस्थेच्या संशोधन केंद्रात मी होतो तिचं नाव इथे लिहीत नाही. संस्था चांगली होती.

हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. बाळ तोललं की दृष्ट लागते, ही भीती घरोघर होती. आमच्या कुसुमअक्का म्हणजे केंद्रातल्या सर्वांत जुन्या नर्स. यावलजवळच्या एका गावात अक्कांनी झोळी काढली, तशी आजीबाई दारात आडव्या झाल्या.

"केयीचा घड हाय का हा, तोलाले?"

अक्का म्हणाल्या, "घडाले भाव कमी भेटते आजी. याले जास्त भेटीन."

आजी हसल्या आणि बाजूला झाल्या. मी असतो तर मला तासभर व्याख्यान द्यावं लागलं असतं आणि तरीही बाळ मिळालं नसतं.

रावेरकडे केळीचा व्यापार करणारे एक आजोबा होते. त्यांचा आमच्या काट्यावर विश्वासच बसेना. "स्प्रिंगचा काटा खोटं बोलतो, डॉक्टर. मी जन्मभर काट्यावरच जगलो," असं म्हणून त्यांनी नातवाला केळी तोलायच्या मोठ्या काट्यावर ठेवायला लावलं. त्या काट्याला एवढंसं वजन कळेचना. काटा जागचा हलला नाही, नातू मात्र जोरात रडला. आजोबांनी आमचा काटा मान्य केला आणि जाताना सगळ्यांना शेव-मुरमुरे खायला घातले. पायातले चांदीचे वाळे, गळ्यातली काळ्या मण्यांची माळ, कमरेचा करगोटा हे सगळं काढून मगच बाळ तोलायचं, असा माझा नियम होता. त्या बाबतीत मी कडक होतो. चार वाळ्यांचं वजनसुद्धा माझ्या आकड्यात शिरू द्यायचं नाही, याचा मला अभिमान होता. आकड्यात शिरलं ते वाळ्यांपेक्षा फार मोठं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही लाडवांचा प्रयोग केला. यावल आणि रावेर तालुक्यांतली काही गावं निवडली. निम्म्या गावांत गरोदर बायकांना चौथ्या महिन्यापासून रोज एक लाडू द्यायचा, शेंगदाणा, तीळ आणि गुळाचा. सोबत लोहाची गोळी. उरलेल्या निम्म्या गावांत नेहमीप्रमाणे चालू द्यायचं. मग दोन्हीकडे गावात जन्मलेलं प्रत्येक बाळ तोलायचं आणि गावागावांची सरासरी काढायची. लाडवाच्या गावांतली बाळं जड निघाली तर लाडवाचा उपयोग झाला. साधा, स्वस्त, कुणालाही करता येईल असा प्रयोग.

बाळं जड निघाली. थोडीथोडकी नाहीत, चांगली डोळ्यांत भरतील इतकी. मी निबंध लिहिला आणि परदेशातल्या एका नामांकित मासिकाने तो छापला. त्यानंतर केंद्रात कार्डं यायला लागली. त्या काळी झेरॉक्स सगळीकडे नव्हतं. कुणाला निबंध हवा असेल तर तो लेखकाला छापील कार्ड पाठवी आणि लेखक निबंधाची एक प्रत टपालाने पाठवून देई. आमच्या पोस्टमनला तिकिटं जमवायचा नाद होता. तो दारातूनच ओरडे, "साहेब, आज पोलंड." कधी ब्राझील, कधी फिलिपाइन्स. कार्डं मी ठेवून घेई, तिकिटं तो नेई. आम्ही दोघंही खूश असायचो. लवकरच माझ्या निबंधाच्या आधाराने दुसरीकडेही लाडू वाटायच्या योजना सुरू झाल्या. पुण्याच्या खंडात माझ्या नावाखालच्या ओळी वाढत गेल्या. पुढच्या बढतीच्या वेळी मुलाखतीत कुणी फारसं काही विचारलंच नाही. अध्यक्ष म्हणाले, "तुमचं नाव तर आम्ही वाचतोच."

याच सुमारास शैलजा बोरसे माझ्याकडे आली. धुळ्याची मुलगी, एम.डी.च्या प्रबंधासाठी. मी तिचा मार्गदर्शक होतो. आपण तिकडचीच आहोत, भाषेची अडचण येणार नाही, म्हणून तिने साक्री तालुक्यातली पिंपळनेरजवळची गावं मागून घेतली. मी म्हणालो, प्रयोग तोच कर, लाडू तेच, गोळी तीच. माझ्या निबंधाला आणखी एक आधार मिळेल, एवढाच माझा विचार होता.

शैलजाने एक गोष्ट वेगळी केली. ज्या बाईला लाडू दिला तिचंच बाळ तोलायचं आणि बिनलाडवाच्या गावांतही आधी नाव नोंदलेल्या बाईचंच, असं तिने ठरवलं. दिवस भरत आले की त्यातल्या पुष्कळ बायका गावात नसत. कुणी नवापूरकडे, कुणी सटाण्याकडे, कुणी साक्रीलाच. शैलजा झोळी आणि काटा पिशवीत घालून एसटीने त्यांच्या मागे जाई. कुठे वेळेवर पोचे, कुठे बाळ दोन-तीन दिवसांचं झालेलं असे. वर्षभर हे केल्यावर तिचं उत्तर आलं, लाडवाने वजनात फरक पडत नाही.

मी तिच्या प्रबंधातला तो चॅप्टर वाचला आणि तिला बोलावून घेतलं.

"बोरसे, बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत वजन उतरतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. तू तिसऱ्या दिवशी तोललंस. हे आकडे चालणार नाहीत."

"सर, उशिरा तोललेली मी वेगळी काढली आहेत. पहिल्या दिवसाचीच घेतली तरी तेच येतं."

"मग उरतात किती?"

"कमी उरतात. पण दोन्हीकडे सारखीच कमी उरतात."

"त्यापेक्षा हा चॅप्टर काढ. लाडवाबद्दल बायकांच्या समजुती काय आहेत, यावर लिही. ते छान झालंय."

माझा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. म्हणूनच तो मला इतका आवडला. ती "बरं, सर," म्हणून निघून गेली. चॅप्टर तिने काढला.

प्रबंध अजून सादर व्हायचा होता, तेव्हाच परदेशातून एक पाहुण्या प्राध्यापक बाई आल्या. पिकलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट, वहीत सगळं टिपून घेण्याची सवय. माझ्या निबंधाचा आधार त्यांनी अनेकदा घेतला होता. त्यांना लाडवाचं गाव प्रत्यक्ष पाहायचं होतं. मी त्यांना यावल तालुक्यातल्या माझ्या सर्वांत चांगल्या गावी घेऊन गेलो. सोबत अक्का आणि शैलजा होत्या. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. अक्कांनी ताज्या बाळंतिणींना आणून बसवलं. बाळं गुटगुटीत होती. बाई खूश झाल्या. चहा आला.

बाईंनी पुढच्या एका मुलीकडे बोट केलं आणि मला म्हणाल्या, हिला विचारा, लाडू रोज खाल्ला का? आवडला का?

मी विचारलं. ती मुलगी मांडीवरचं बाळ हलवत मोकळेपणाने म्हणाली,

"मी कायची इथली? माह्यं सासर बऱ्हानपूरकडे. मी तं बायंतपनाले आली माहेरी. हे दुसरं माह्यं. दुसऱ्याले कोनी माहेरी येत नाही, सासू म्हने इथीच ऱ्हाय. पन माय म्हने, गावात डाक्टरची जीप येते, पोऱ्याले तोलते, दवाई देते, तं इकडेच ये. लाडू माह्या वयनीले भेटत होते. ते गेली तिच्या माहेरी, सावद्याले. मले तं कोनी लाडू दिला नाही. आता द्या म्हनते मी."

बाकीच्या बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आमाले बी द्या मंग." दुसरी म्हणाली, "आमी समद्या माहेरवाशिनीच हाओत इथी."

पाहुण्या बाई माझ्याकडे पाहत होत्या. पेन वहीवर टेकवलेलं होतं. मी म्हणालो, "ती म्हणते, लाडू चांगले होते."

बाईंनी लिहिलं. मग मान वर करून हसत म्हणाल्या, "तिचं वाक्य इतकं लांब होतं, तुमचं इतकं आखूड कसं?"

"आमच्याकडे लोक सावकाश बोलतात," मी म्हणालो.

शैलजा माझ्या बाजूलाच बसली होती. तिच्या हातात बशी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा पिऊन टाकला.

ज्यांना हा गुंता अजून उलगडला नसेल त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. लाडू खाल्लेल्या सुना बाळंतपणाला आपापल्या माहेरी गेल्या. त्यांची बाळं तिकडे जन्मली, ती आम्ही तोललीच नाहीत. आम्ही तोलली ती गावच्या लेकींची बाळं, ज्यांनी लाडू पाहिलेलासुद्धा नव्हता. तरी पहिलटकरणींचं जाणं आणि येणं सगळ्याच गावांत होतं. त्याने फार बिघडलं नसतं. पण आमची जीप, आमचे डॉक्टर, आमचा काटा पाहून लाडवाच्या गावांतल्या आयांनी लेकींना दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणालाही बोलावून घेतलं. पहिलं बाळ बहुधा जरा हलकं असतं, पुढची जड असतात. त्यात ज्यांची खाऊन-पिऊन सुखी घरं, त्यांनाच लेकीला पुन्हा बोलावणं परवडणार. जिथे आमची जीप जात नव्हती तिथे असं कुणी कुणाला बोलावलं नाही. म्हणून आमची गावं जड आणि ती हलकी. बाळांचं वजन आमच्या लाडवाने वाढवलं नव्हतं. वाढवलं असेलच तर आमच्या जीपने.

हे मला कळलं नाही याचं आजही नवल वाटतं. माझी स्वतःची बायको पहिल्या खेपेला सातव्या महिन्यातच अमळनेरला माहेरी गेली होती. स्टेशनवर सोडायला मीच गेलो होतो. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला आकडे लिहिताना दिसली नाही. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने कदाचित पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "बायका कुठे जातात?" आम्हाला विचारायची गरजच वाटली नाही.

परतीच्या वाटेवर पाहुण्या बाई जीपमध्ये पुढे बसल्या होत्या, आम्ही मागे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. शैलजा हलक्या आवाजात म्हणाली, "सर, माझा काटा बरोबर होता."

मी म्हणालो, "इथे नको."

"मग कुठे?"

अक्का खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांना विचारलं, "त्या लेकी माहेरी आल्यात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं, साहेब. तुम्ही म्हणाले, गावात जन्मलं ते प्रत्येक बाळ तोला. आम्ही तोललं. मला वाटलं तुम्हालाबी ठाऊक असंल."

त्या आठवड्यात मी केबिनचं दार लावून बसलो. लाडू घेणाऱ्या बायकांची नावं आणि बाळं झालेल्या बायकांची नावं प्रथमच शेजारी शेजारी ठेवली. एवढं साधं काम आधी केलं नव्हतं. ज्यांनी लाडू खाल्ला आणि गावातच बाळंत झाल्या त्या फारच थोड्या निघाल्या आणि त्यांच्या बाळांच्या वजनात बिनलाडवाच्या गावांपेक्षा फरक नव्हता. शैलजाचंच उत्तर.

तिच्या प्रबंधाचं टायपिंग तेव्हा सुरू होतं. चॅप्टर परत घालता आला असता. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. ती दोनदा केबिनमध्ये येऊन गेली. दुसऱ्या वेळी सरळ म्हणाली, "सर, तो चॅप्टर टायपिस्टला देऊ?" मी म्हणालो, "आता वेळ कमी आहे, आहे तसं जाऊ दे." वेळ भरपूर होता. समजुतींवरचा तिचा प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिला विचारलं, प्रत्यक्ष वजनं का घेतली नाहीत? मी शेजारीच बसलो होतो. ती म्हणाली, "राहून गेलं." संशोधनाची नोकरी तिने मागितली नाही. पिंपळनेरला सरकारी दवाखान्यात रुजू झाली. तिच्या नावावर छापील काहीच नव्हतं.

त्यानंतरची माझी वर्षं बरी गेली. केंद्राचा संचालक झालो. लहान बाळांच्या जुलाबांवर काम केलं, मिठा-साखरेच्या पाण्यावर केलं. त्यातले निबंध आजही कुणाच्याही हातात छातीठोकपणे देईन. त्या कामात मी बाईगणिक, बाळगणिक हिशेब ठेवला. कुणाकडून शिकलो ते मला ठाऊक होतं, निबंधात ते लिहिलं नव्हतं. पुण्याला जाऊन सुतळीचं भिंग उचललं की मात्र जुन्या निबंधाखालच्या ओळी सर्वांत जास्त दिसत. पहिली काही वर्षं त्या पाहून बरं वाटे. पुढे मी त्या ओळींवरून भिंग भरभर सरकवू लागलो.

नव्वदच्या दशकात माझी मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला नाशिकहून जळगावला आली. मी बायकोला म्हटलं, दुसऱ्या वेळी माहेरी कशाला? तिच्या सासूला काय वाटेल?

बायको म्हणाली, "मीच बोलावलं. तुमचं सेंटर आहे, अक्का आहेत, काटा आहे. एवढं सगळं घरात असताना लेकीला परक्याच्या दवाखान्यात कशाला ठेवायचं?"

सगळ्या आयांनी जे केलं तेच माझ्या घरात झालं होतं. नात झाली. निवृत्त झालेल्या अक्का मुद्दाम आल्या, वाळे काढून ठेवले आणि तिला झोळीत घातलं. "घड चांगला भरलाय, साहेब," म्हणाल्या. नात चांगली जड होती. लाडू तिच्या आईने खाल्ला नव्हता.

बारसं झाल्यावर मी धुळ्यामार्गे पिंपळनेरची एसटी धरली.

शैलजाच्या दवाखान्यात गर्दी होती. तिने मला पाहिलं, म्हणाली, "सर, बसा. एवढे पेशंट होऊ देत." मी बाकावर बसलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "बाबा, तुमले काय व्हयनं?"

"पाठ दुखते," मी म्हणालो.

"मंग तुमना नंबर मना मांगे शे," त्यांनी बजावून ठेवलं.

आतून शैलजाचा आवाज येत होता. "मावशी, बठ्ठी दवाई लेवानी शे. बरं वाटनं म्हनीसन अर्धी टाकू नको." जळगावला माझ्यासमोर ती कधी अशी अहिराणी बोलली नव्हती.

माझा नंबर आला तेव्हा मी सगळं एका दमात सांगितलं. मासिकाला पत्र लिहितो, निबंध चुकला होता म्हणतो, तुझी माफी मागतो.

तिने हात धुतले, पुसले. "सर, माफी नको. माफीला कुणी सायटेशन देत नाही."

"मग?"

"माझी पद्धत छापा. बाई जिथे जाईल तिथे तिच्या मागे जायचं, ही. पुढच्याला उपयोग होईल."

"तो चॅप्टर आहे तुझ्याकडे?"

"तुमच्याकडेही आहे," ती म्हणाली. ते खरं होतं.

पहिलं नाव तिचं, दुसरं माझं, असा मजकूर आम्ही पाठवला. संपादकांनी कळवलं, जुनी गोष्ट आहे, पत्रापुरती जागा देऊ. सगळा चॅप्टर आटून मागच्या पानांवर अर्धा रकाना झाला. बोरसे आणि चौधरी. माझा मूळ निबंध ज्या मासिकात पहिल्या पानावर होता, त्याच मासिकात.

मग मी पुण्याला जाऊ लागलो तो बोरसे हे आडनाव शोधायला. एका वर्षी काही नाही. पुढच्याही वर्षी नाही. चौधरींच्या निबंधाखाली नव्या ओळी येतच होत्या. ज्यांनी तो आधार घेतला त्यांनी तेच मासिक चाळलं असेल, तर दुरुस्तीही दिसायला हवी होती. पण लग्नपत्रिकेचं तुम्हाला सांगितलंच आहे.

आज संगणकावर पाहतो, तरी तेच. म्हणून इथे उघड लिहितो. यावल-रावेरच्या लाडवांचा तो निबंध चुकलेला आहे. लाडू वाईट नाही, भुकेल्या गरोदर बाईला तो जरूर द्यावा. पण त्याने बाळाचं वजन वाढतं, हे मी दाखवलं नव्हतं. ते उत्तर डॉ. शैलजा बोरसे यांनी माझ्या आधी बरोबर काढलं होतं आणि मी ते अडवलं. अशा दिवाळी अंकातला मजकूर कुठल्याही सूचीत धरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ज्या घरांतून आम्ही बाळं तोलली, त्या घरांत सूची जात नाही, दिवाळी अंक जातो.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी मात्र पोस्टमन दारात आला होता. "साहेब, कार्ड. पण तुमच्या नावाचं नाही. बोरसे कोण?"

त्या पाहुण्या बाईंचं कार्ड होतं. अर्ध्या रकान्याचा पूर्ण मजकूर असेल तर पाठवावा, अशी डॉ. बोरसे यांना विनंती. पत्ता केंद्राचाच. खाली हाताने एक ओळ लिहिली होती. मला त्या शाळेच्या व्हरांड्यातलं एक लांब वाक्य आणि एक आखूड वाक्य अजून आठवतं, ते लांब वाक्य काय होतं?

कार्ड टपालाने पुढे पाठवता आलं असतं. मी एसटीने गेलो. पोस्टमनला सांगितलं, या वेळी तिकीट मिळणार नाही.

शैलजाने कार्ड दोनदा वाचलं. त्यावरचं तिकीट नखाने चाचपून पाहिलं. मग टेबलावर कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"चॅप्टर मी पाठवते. त्या मुलीचं बोलणं तुम्ही लिहा, सर. ते तुमच्याकडे राहिलंय."

मी बाहेर बाकावर येऊन बसलो, मांडीवर कागद ठेवला आणि लिहायला लागलो. मी कायची इथली, इथपासून. बऱ्हाणपूर, सासू, माय, जीप, काटा, सावद्याला गेलेली वहिनी, न मिळालेला लाडू, मागून हसलेल्या बायका. इतक्या वर्षांत त्यातला एक शब्दही मी विसरलो नव्हतो. इंग्रजीत घालताना दोन ठिकाणी अडलो. शेजारच्या पेशंटने विचारलं, काय लिहितो बाबा, तर म्हटलं, एका बाईचं बोलणं लिहितोय. पान भरत आलं तेव्हा आत नेऊन दिलं.

शैलजाने ते सावकाश वाचलं, शेवटपर्यंत. मग घडी घालून चॅप्टरवर ठेवलं.

"हं," ती म्हणाली, "आता लांबी बरोबर आहे."